मधला

माझे मधले दीर रेडिओ दुरुस्त करत. टेबलावर नेहमी पोट उघडलेला एखादा रेडिओ आणि खोलीभर सोल्डरिंगचा वास. हौसेने घरी यंत्रं जुळवणाऱ्यांना ते स्वस्तातली सर्किटं आखून देत. मोडीतल्या रेडिओत मिळणार नाही असा भाग त्यात वापरायचा नाही, हा त्यांचा हट्ट. त्यातलं बफर, म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारं छोटं सर्किट, त्यांचं विशेष आवडतं. त्याला ते 'मधला' म्हणत.

घरातही मधले तेच. सासऱ्यांच्या दुकानावरून माझे यजमान आणि धाकटे दीर यांचा अबोला होता. एका टेबलावर जेवत, पण मीठ हवं असलं तरी या मधल्या भाऊजींच्या तोंडून मागत.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या. आवाज कुजबुजीएवढा उरला. त्यांची हाक मला स्वयंपाकघरात ऐकू येईना. भाऊजींनी त्यांच्या उशाशी माइक ठेवला आणि माझ्याकडे स्पीकर. तो नुसताच खरखरला.

"माइक नाजूक आहे, वहिनी. अ‍ॅम्प्लिफायरचं ओझं त्याला पेलत नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर घालतो."

"तो आवाज वाढवणार?"

"छे. आला तसा पुढे देतो, पदरचं काही घालत नाही. ओझं तेवढं अंगावर घेतो."

"म्हणजे तुमच्यासारखाच."

"मी पदरचं घालतो की. दादा म्हणतो, त्या गाढवाला विचार. मी म्हणतो, दादा आठवण काढत होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मधला बसवून झाला. दोघे भाऊ स्वयंपाकघरात चहा घेत होते, तोंडं दोन दिशांना. आतून भाऊजींचा आवाज आला, "आई, बोल काहीतरी."

स्पीकरमधून सासूबाई स्पष्ट ऐकू आल्या. "तुझं लग्न राहिलं रे यांच्या निरोपांपायी. मी गेल्यावर तू मध्ये राहू नकोस. त्या दोघांना सांग... नको. तू नको सांगूस."

भाऊजी दारात आले. "आलं का ऐकू?"

यजमानांनी कप खाली ठेवला आणि धाकट्याकडे न बघताच विचारलं, "आईकडे तू जातोस की मी जाऊ?"

"दोघंही जाऊ."

सासूबाई गेल्या. भाऊ पुढेही भांडले, पण समोरासमोर. भाऊजी तेव्हा आपलं ताट उचलून रेडिओच्या टेबलाशी जात. लग्न त्यांनी केलंच नाही. "उशीर झाला, वहिनी," एवढंच म्हणत.

भाऊजी गेले तेव्हा दवाखान्यातून धाकट्या दिरांचा फोन आला. ऐकून मी म्हटलं, "यांना मी सांगते."

"नको वहिनी," ते म्हणाले. "दादाला द्या. मीच सांगतो."