पोतारलेली भेग

मला कुणी हट्टी म्हटलं तर मी आजही नाकारत नाही. पन्नास सालानंतरची ती गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या जंगलातल्या एका गावी मी मास्तरीण होते.

शाळेची खोली विटांची होती, गावातली एकुलती एक पक्की. कुण्या गोऱ्या साहेबाच्या मुक्कामासाठी बांधलेली. बाकी आम्ही सगळे कुडाच्या घरांत राहायचो : सागाचे खांब, बांबूचे ताटवे, त्यावर माती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी जमीन हलली. माझ्या घराचे खांब करकरले, चार कवेलू अंगणात घसरले, एवढंच. शाळेच्या भिंतीला मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भेग गेली. माझा पंजा तिच्यात शिरायचा, आणि छताची तुळई टेकलेली त्याच भिंतीवर. मी मुलांना झाडाखाली बसवलं आणि वर कळवलं. ते पत्र कुठं गेलं देव जाणे.

महिन्याभरानं निरोप आला, घरं तपासायला ओव्हरसियर येतोय. पाहुणा यायचा तर फुटकी भिंत त्याच्या नजरेला पडू द्यायची नाही, ही तिथल्या बायकांची रीत. मी तालुक्याला गेलेली. परतले तोवर चौघीजणींनी भेगेत चिखल-भुसा ठासून, सारवून, वर पांढऱ्या मातीनं भिंत पोतारली होती. दाराशी रांगोळीचा चौकसुद्धा काढला होता. इतकी देखणी ती भिंत कधीच नव्हती.

ओव्हरसियर तोवर गाव फिरून आला होता. त्याच्या हातात नियमांचा छापील कागद : कच्च्या भिंती आणि वर जड छप्पर ते घर धोक्याचं, पक्क्या भिंतीचं ते सुरक्षित. माझ्या घरासकट झाडून साऱ्या दारांवर त्यानं गेरूची फुली मारली होती. शाळेच्या नावापुढे मात्र शेरा लिहिला, 'उत्तम'. वर हुकूम की उद्यापासून वर्ग आत भरवा, आणि पुन्हा धक्का बसला तर सगळ्या गावानं इथंच येऊन थांबायचं.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, ही भिंत फाटलेली आहे."

"कुठं?" तो खरोखरच शोधत होता. बिचाऱ्याला दिसणार तरी काय!

पोतारणाऱ्या चौघींतली सगळ्यांत म्हातारी बाई शेजारीच उभी होती. तिची नात माझ्या दुसरीत. मी तिच्या कमरेचा विळा ओढून घेतला आणि भिंत खरवडायला लागले. ओल्या मातीची ढेकळं चौकावर पडली.

"काऊन जी बाई?" म्हातारी ओरडली. "दिवसभर खपलो आमी. तुमाले काईच वाटत नाई?"

वाटत होतं. लाजेनं माझे कान तापले होते, पण हात थांबवला नाही. भेगेतून पलीकडचा उजेड दिसायला लागला तेव्हाच विळा खाली ठेवला.

ओव्हरसियरनं भेग पाहिली, मग कागद पाहिला. "शेरा लिहून झालाय. नियमात पक्की भिंत सुरक्षितच धरली आहे."

"मग या भिंतीला पाठ टेकून चहा घ्या. मी करून आणते."

तो बसला नाही. बाहेर अंगणात जाऊन म्हणाला, "वर्ग आत भरला नाही तर मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल."

"लिहा. शाळा माझ्या घरी भरेल. दारावरची फुली तुमचीच आहे, तीही लिहा."

संध्याकाळी म्हातारीची माफी मागायला गेले, तर तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या सकाळी मी घरातल्या खांबाला फळा टेकवला आणि वाट पाहत बसले. ऊन ओसरीवर चढलं तरी एक पोर येईना. नोकरी तर गेलीच, गावही हातचं गेलं, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घालत होते. तरी त्या भिंतीखाली मुलं बसवणार नव्हते.

मग म्हातारी आली, नातीचा हात धरून. मागं बाकीच्या तिघी, त्यांची पोरं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"राग हाय माहा तुमच्यावर. राहीन बी," ती म्हणाली आणि पोरीला आत ढकललं. "पन तिथी नाई बसवत मी हिले. मीच बुजवली ना ती भेग या हातानं. केवढी होती ते मले मालूम हाय."