तेलकाकांचा एक थेंब

तेलकाकांना करकर सहन होत नसे. प्रयोगशाळेतलं दार, खुर्ची, पंखा, काहीही कुरकुरलं की हात आपोआप खिशातल्या तेलाच्या कुपीकडे जाई. सव्वीस वर्षं धातूंची झीज मोजली, पण झीज त्यांना बघवत नसे. घरचं दार मात्र वर्षभर रडत होतं. "त्यालाही तुमच्याकडे नोकरीला लावा, म्हणजे तेल मिळेल," बायको म्हणे.

आणि नेमका त्यांच्याच हाती आला तो बिनतेलाचा धातू. लेकीच्या वयाच्या संशोधक मॅडमनी तांबं-कथलाच्या भुकटीत ग्रॅफाइट मिसळून, भट्टीत भाजून तो केला होता. घासलं की आतलं ग्रॅफाइटच वंगण होणार. त्याची बोटभर कांडी फिरत्या पोलादी चकतीवर तीन तास कोरडी दाबून धरायची, आणि आधीचं-नंतरचं वजन बघायचं. एवढंच.

विसाव्या मिनिटाला कांडी किंचाळली. काकांचं लक्ष वहीत होतं. हातानं आपलं काम उरकलं. एक थेंब.

पुढे सगळं लोण्यासारखं. शेवटी काट्यावर ठेवली, तर कांडीचं वजन दोन मिलीग्रॅमनं वाढलेलं! झिजूनही वजन वाढतं, हे काकांनी आजवर फक्त स्वतःच्या पोटाबाबत पाहिलं होतं. वहीत त्यांनी लिहिलं : झीज शून्य.

दुसऱ्या दिवशी मॅडम सगळ्यांना बिस्किटं वाटत होत्या. "सोमवारी कारखान्याला कळवते. त्यांच्या पंख्यांत हाच धातू बसणार!"

काकांनी हातातलं बिस्किट परत ठेवलं. पंखे जाम झाले तर नाव पोरीचं जाणार.

"मॅडम, त्यात माझं तेल आहे."

"कशात?"

"कांडीत. वजन वाढलं होतं. मी शून्य लिहिलं."

"थेंब हातानं टाकला, काका. शून्य कुणी लिहिलं?"

"...मीच."

मॅडमनी तळहात पुढे केला. काकांनी निमूटपणे कुपी ठेवली.

नवी कांडी लागली. विसाव्या मिनिटाला तीही किंचाळली. कुणीतरी म्हणालं, "बसा ना काका," आणि खुर्ची सरकवली. खुर्ची करकरली. काका हात पाठीशी बांधून, मान खाली घालून उभेच राहिले.

तीन तासांनी कांडीचं वजन अकरा मिलीग्रॅमनं घटलं होतं. काकांनी आकडा सगळ्यांसमोर दोनदा वाचला, मगच वहीत लिहिला.