तसबिरीची पाठ

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येत, तेव्हा भिंतीवर तिच्या हातचं काहीतरी टांगलेलं असे. भरतकामाचा मोर नाहीतर मण्यांचा पोपट. निम्म्या घरांत ते काम शेजारणीचं असायचं आणि हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

महाराष्ट्र नवा नवा झालेला, मी सतरा वर्षांची. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झाले होते. इंटरमिजिएटला बुलढाण्याला बसायचं होतं, पुढे शाळेत चित्रकला शिकवायची होती. रेघोट्या ओढून कोणाचं भलं झालं, असं म्हणून बाबांनी तो विषयच मिटवला. वर धाड गावचं स्थळ आणलं.

बाबा नांदुऱ्याला कापसाच्या एका जिनात कारकून होते. तिथे मशीनच्या एजंटाने त्यांना एक जपानी चित्र दिलं होतं, बर्फातला पूल आणि त्यावर छत्री घेतलेली बाई. मूळ चित्र लाकडी ठशांनी उमटवलेलं, आमच्याकडे आली ती कॅनव्हासच्या जाड कापडावर छापलेली नक्कल. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. बाबा ते शेगावला देवांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून चौकटीत बसवून घेऊन आले. कोपऱ्यातला लाल शिक्का अन् उभी जपानी अक्षरं रंगाने बुजवून तिथे माझं नाव घातलेलं! अंगाची नुसती लाही झाली. ज्या पोरीने जन्मात बर्फ पाहिला नाही, तिच्या नावावर बर्फ. आईने डोळ्यांनी दटावलं म्हणून गप्प बसले.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईने चित्र निरखून पाहिलं आणि असंच एक आमच्या घरीही काढशील ना, असं कौतुकाने विचारलं. माझ्या वतीने बाबांनी होकारही देऊन टाकला.

"हे म्या नाही काढलं," मी म्हणाले. "हे जपानातलं छापील हाय. माह्ये चित्रं पेटीत हायेत."

"मंग आन ना, पाहू," मुलाची आई म्हणाली.

आत जाऊन पेटी उघडली तर रिकामी. मागोमाग आई आली. मढवणाऱ्याने तसबिरीच्या पाठीला लावायला जाड कागद मागितला होता आणि बाबांनी माझे कागद नेले होते, हे तिने खाली मानेने सांगितलं.

मी तडक बाहेर आले, तसबीर उतरवली, सगळ्यांसमोर पालथी घातली आणि पाठीचे खिळे उचकटले. नांदुरा स्टेशनवर पडलेल्या कापसाच्या गाठी आणि त्यांवर बसून भाकर खाणारे हमाल, हे माझं सगळ्यात आवडतं चित्र आतल्या बाजूने, बाकीच्या कागदांवर खळीने चिकटवलेलं होतं. चारी कडांना भोकं.

बाबा वाकून बराच वेळ पाहत राहिले. आता थोबाडीत बसणार असं मला वाटलं.

"हे तुनं काढलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

स्थळ मोडलं, त्याचं मला काही नाही. तो प्रश्न मात्र मी बाबांना आजतागायत माफ केलेला नाही. शेगावपर्यंत ते कागद त्यांनी स्वतः काखेत मारून नेले होते आणि एकदाही उलगडून पाहिले नव्हते.