रविवारचा हुरडा

शेतात पोचल्या पोचल्या मी एक कणीस मोडलं, तळव्यावर चोळलं आणि दाण्यांचा चांगला बकाणा भरला. कडकन आवाज झाला. दाढेतलं सिमेंट निघून माझ्या हातात आलं.

"दाजी, हुरडा बुधवारीच सरला की," मेव्हणा शांतपणे म्हणाला. "आता हे जोंधळं हाय. दळून भाकरी करा."

सोलापुरात जन्म गेला आणि हुरडा कधी सरतो हे मला कळू नये? कळत होतं हो. मेव्हण्याचं शेत दुधनीच्या बाजूला. सोमवारीच त्याचा फोन आला होता, "दाणा भरलाय, दोन दिवसांत या. पुढचं माझ्या हातात न्हाय." आणि लेक बंगळूरहून आठ दिवसांसाठी आलेली. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी निवांत. आल्या दिवशीच म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. मामाच्या शेतात हुरडा खायला न्या. तुम्ही भाजायचा, मी खायचा. लहानपणीसारखा."

"एवढंच ना? कंटेनर गेला की निघू," मी म्हणालो.

टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम माझ्याकडे आहे. मंगळवारी कंटेनर आलाच नाही. बुधवारी एका गठ्ठ्यातले टॉवेल दोन बोटं आखूड निघाले, म्हणून सगळे गठ्ठे पुन्हा फोडले. गुरुवार, शुक्रवार मोजण्यात गेले. घरी मी कंटेनरबद्दल असा बोलायचो, जसं काही घरात एखादं बाळंतपण अडलंय. माझ्याशिवाय तो हलणार नाही, ही माझी पक्की समजूत. शनिवारी मी कोपऱ्यावर चहाला गेलो आणि परत येतोय तर तो भरून गेलासुद्धा. कुणी मला विचारलंही नव्हतं.

रविवारी मात्र मी थाटात निघालो. दही, गूळ, लिंबं, शेंगाची चटणी, काही म्हणता काही विसरलो नाही.

लेकीनं बांधाकडेच्या सावलीत हिंडून चार हिरवट कणसं शोधून आणली. गोवऱ्यांच्या आरात मी ती भाजली, चोळून तिच्या हातावर ठेवली. ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "चांगलं लागतंय की, बाबा." मी गालावर हात धरून नुसतं दही खात होतो. दाढ दुखतेय असंच सगळ्यांना वाटलं, आणि मीही वाटू दिलं.

सोमवारी सकाळी तिला गाडीत बसवलं. खिडकीपाशी उभा राहून म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." तिनं हसून मान हलवली. ती मान माझ्या ओळखीची होती. घरात कुणी काही मागितलं की इतकी वर्षं मी तशीच हलवत आलोय.

घरी आलो. बायको लेकीच्या अंगावरची चादर घडी घालत होती. मी म्हणालो, "खाल्ले बिचारीनं चार दाणे. तेवढंच समाधान."

तिनं घडी पुरी केली.

"बुधवारी भावानं एस.टी.तनं डबा पाठवला होता," ती म्हणाली. "कोवळा हुरडा, भाजून. तिनं झाकण काढून वास घेतला आणि परत लावलं. म्हणाली, बाबांबरोबरच खाईन. तीन दिवस फ्रीजमध्ये होता. तुम्ही रोज त्याच्या शेजारची पाण्याची बाटली काढत होता. शेवटी मीच गाईला घातला."