शेवटच्या कडव्यातलं नाव

माझं शुद्धलेखन चौथीपर्यंतचं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती पडलीच तर ऱ्हस्व-दीर्घ मनानं दुरुस्त करून वाचावं. किसन मास्तरांबद्दल लिहायचं म्हणून नातीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आहेत.

मास्तर शाळेतले नव्हते, पेटीचे होते. दिवसभर लातूरच्या एका डाळ मिलमध्ये काट्यावर पोती तोलायचे आणि संध्याकाळी आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवून गायचे. गाणं कुणी रचलं ते सांगितल्याशिवाय ते पेटीचा भाता उघडत नसत. जयंती असो की लग्न, समोरचे लोक कितीही चुळबुळ करोत, आधी रचणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, आणि मग सूर. तबलेवाला त्यांना चिडवायचा, की मास्तर, आता त्याचं रेशन कार्डपण वाचून दाखवा. मास्तर हसायचे. म्हणायचे, "गळा माझा हाय म्हणून गाणं माझं होत न्हाई."

मी त्याच मिलमध्ये डाळ निवडायला होते. सूप हातात, मान खाली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी गुणगुणायचे. एक दिवस मशीन एकदम बंद पडली आणि माझा आवाज तेवढा राहिला. मास्तरांनी काट्यावरून विचारलं, कुणाचं गाणं? मी म्हटलं, कुणाचं नाही.

"कुणाचं न्हाई असं गाणं नसतंय, कौसाबाई."

मी सूप तोंडापुढे धरलं. त्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं.

गाणं साधंच होतं. 'पाटीवरची अक्षरं पुसली, हातावरची न्हाई' असं काहीतरी मी जुळवलं होतं, माझ्या सुटलेल्या शाळेचं. मास्तरांनी त्याला चाल बांधली. मला पार्टीत मागे झील धरायला, म्हणजे ध्रुपद उचलायला घेतलं. माझ्या नवऱ्याला त्यांनी स्वतः येऊन विचारलं, आणि त्यानंही नाही म्हटलं नाही. पुढे उभं राहून गायची माझी हिंमत नव्हती, म्हणून ते गाणं मास्तरच म्हणायचे.

आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. मी हात जोडले, माझं नाव नको, लोक काय म्हणतील. मास्तर म्हणाले, मग गाणं लोक ऐकतील, पण आलं कुठून ते कळणार नाही. शेवटी 'कौसा म्हणे' असं ठरलं.

पार्टीची कॅसेट नांदेडच्या एका स्टुडिओत भरायची होती. ठरलेल्या भाड्यात आठच गाणी बसत होती. माझं नववं होतं. त्याच्या जादा अर्ध्या तासाचे तीनशे रुपये मी दिले, माझ्या निवडणीच्या मजुरीतले साठवलेले. एसटीनं गेलो. पेटी मास्तरांच्या मांडीवर, लेकरासारखी. आठ गाणी झाली, मग माझं. मास्तर इतके चांगले गायले की काचेपलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. शेवटचं कडवं आलं आणि स्वतःची गाणी म्हणायच्या वीस वर्षांच्या सवयीनं मास्तरांच्या तोंडून निघालं, 'किसन म्हणे'.

वेळ संपली होती. बाहेर दुसरी पार्टी वाद्यं घेऊन उभी होती. सगळे म्हणाले, राहू द्या, कुणाला कळतंय? मास्तरांनी ऐकलं नाही, ते गाणं गाळायला लावलं. कॅसेट आठ गाण्यांची निघाली. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. नाव ऐकू येणार नव्हतं. घरी आल्यावर भाकरी थापताना मात्र रडू आलं, आणि कशाचं ते सांगता येईना.

पुढच्या कॅसेटला घेऊ म्हणाले. पुढची कॅसेट आलीच नाही. डाळीचा भुसा मास्तरांच्या छातीत बसला होता. आधी वरचा सूर गेला, मग खालचा. दर जयंतीला ते तीनशे रुपये घेऊन यायचे. "गाणं आलं न्हाई, पैसे घ्या." मी घेत नसे. घेतले असते तर गाणं संपलं असतं. मास्तर गेले तेव्हा ते पैसे तसेच राहिलेले होते.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा मिलिंद आला. जुन्या गाण्यांचा नवा अल्बम करत होता, मोबाईलवर ऐकायचा. पेटीच्या खोक्यात तळाशी एक कॅसेट सापडली होती, स्टुडिओतली मूळ, काही न गाळलेली. त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. माझं गाणं. मास्तरांचा तरुण गळा. 'किसन म्हणे'. मग पेटी थांबली आणि मास्तर बोलले, "थांबवा. चुकलं माझं. हे गाणं कौसाबाईचं हाय, माझं न्हाई." मागे बारीक आवाजात कुणी म्हणत होतं, राहू द्या मास्तर. ती मी होते.

मिलिंद म्हणाला, गाण्यानंतरचं बोलणं कापून टाकतो, आणि त्यातलाच 'कौसा' उचलून कडव्यात बसवतो. कॉम्प्युटरवर होतं ते. कुणाला कळणार नाही.

हेच मी आधी एकदा स्टुडिओत ऐकलं होतं. ज्या माणसानं दुसऱ्याचं एक गाणं स्वतःच्या नावावर ठेवलं नाही, त्याच्या तोंडात न म्हटलेला शब्द कसा घालायचा? मी म्हटलं, हाय तसं घे.

"मावशी, आमच्या बाबांची चूक जगाला कशाला ऐकवायची?"

"चूक एका शब्दाची हाय, लेकरा. कबूल केली, ते तुझे बाबा हायेत. ते कापायचं असंल तर माझं गाणं घेऊ नको."

एवढं लांब मी कुणाशी बोलले नव्हते. मिलिंद चहा न घेता गेला. त्याला राग आला होता आणि मला भीती वाटली.

दोन महिन्यांनी विहारात स्पीकर लावून अल्बम ऐकवला. माझं गाणं सगळ्यात शेवटी होतं, नंतरच्या बोलण्यासकट. मास्तरांनी माझं नाव घेतलं तेव्हा बायका वळून बघायला लागल्या. मी पदर तोंडावर घेतला, पण उठून गेले नाही.

नंतर मिलिंदनं एक कागदी पुडी दिली. खोक्यात कॅसेटबरोबरच होती म्हणाला. वर मास्तरांच्या अक्षरात 'कौसाबाईचे', आत शंभराच्या तीन जुन्या नोटा. गाणं आता आलं होतं, पैसे घेतले म्हणून संपणार नव्हतं. मी मोजून घेतल्या. पैसे पूर्ण फिटले.