गुलाबी पडद्याची पट्टी

काष्टीत जयमालाबाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मशीनशेजारच्या स्टुलावर त्यांची मैत्रीण साळूबाई रोज दुपारी येऊन बसायची. गेल्या वर्षी ती मुलाकडे पुण्याला गेली, तेव्हापासून स्टुलावर अस्तराचे तुकडे बसतात. नवरा बन्सी टेम्पोवर. घरी आला की जेवतो आणि घोरतो.

"बोलायला एक बाई पायजे. बास," म्हणत शेहेचाळीस वर्षांच्या जयमालाबाईंनी मैत्री जुळवणारं ॲप घेतलं. 'स्वतःविषयी लिहा' आलं. लिहायचं काय? मोबाईलमध्ये लेकीच्या लग्नाचा बायोडेटा होता. तोच समोर धरून त्यांनी भरला: उंची पाच फूट एक, रंग गव्हाळ, मामाचं कूळ, दुकानाचा पत्ता, मोबाईल नंबर. अपेक्षा: मनमिळाऊ, निर्व्यसनी.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस मेसेज. 'हाय डिअर.' 'साडीतला फोटो टाका ना.' 'मिस्टर कधी नसतात?' जयमालाबाईंनी फोन ठेवला आणि साबणानं दोनदा हात धुतले. मग श्रीरामपूरला लेकीला, राजनंदिनीला, फोन लावला.

"आई! सगळ्या जगाला नंबर दिलास?"

"मग मैत्रीण फोन कसा करील?"

"आणि रंग गव्हाळ कशाला?"

"बायोडेट्यात असतंयच की!"

"ते काढ आधी. नंबर लपवणारं, ओळखपत्र तपासणारं ॲप बघ. तक्रार केली तर माणसाला हाकलतात का, तेही बघ."

"म्हंजी अस्तरासारखं. आधी भिजवायचं, रंग सुटतो का बघायचा."

त्यांनी नंबर काढला. पण तो ज्यांच्याकडे जायचा त्यांच्याकडे गेलाच होता. दुसऱ्या दिवशी ॲपवरच्या कुण्या 'रॉयल किंग'नं फोटो पाठवला. तोंडावर काळा गॉगल, अंगात काही नाही, सुटलेलं पोट, छातीवर पांढरे केस. खाली: 'एकट्या असाल तर सांगा.'

शी! पुसणारच होत्या, तेवढ्यात नजर पोटामागं गेली. गुलाबी पडदा. कापड कमी पडलं म्हणून खाली डाव्या बाजूला जोडलेली पट्टी, किंचित तिरकी. ही पट्टी त्यांनीच जोडली होती, पेठेतल्या राहीबाईच्या घरासाठी.

"राहीबाईचा गोरक्षनाथ! कपाळाला गंध लावून मला 'जयमालाताई' म्हणतोय, मेला!"

त्यांनी ॲपवर तक्रार केली. उत्तर आलं, 'धन्यवाद.' दुसऱ्या सकाळी रॉयल किंग तिथंच, नवा फोटो लावून. रंग सुटला. त्यांनी ॲप उडवलं; तो फोटो तेवढा ठेवला.

दुपारी राहीबाई ब्लाउज न्यायला आली. जयमालाबाईंनी फोन पुढं केला. ती बघत राहिली. पडद्याकडंच.

"तूच बोलावलं असशील," ती म्हणाली. "रंग गव्हाळ म्हनं! सगळ्या पेठंत हसत्यात."

"वहिनी, मी मैत्रीण शोधत हुते."

"आन् गावला माझा नवरा?"

हूक लावायचे राहिलेलं ब्लाउज उचलून ती गेली.

"कशाला दाखवलंस?" राजनंदिनी फोनवर चिडली.

"आज मला, उद्या तुझ्यासारख्या पोरीला पाठवील. न्हाई दाखवलं तर मला जेवन जाईना."

तीन दिवस दोघीतिघी बायका दुकानावरून मान वळवून गेल्या. जयमालाबाईंनी तेवढ्यात दुसरं ॲप भिजवलं: फक्त बायकांचं, नंबर न दिसणारं, आत घेण्याआधी ओळखपत्र मागणारं. एका खोट्या फोटोवाल्या खात्याची तक्रार केली, तर तासाभरात ते गायब. या वेळी स्वतःविषयी एवढंच लिहिलं: 'शिवते. गप्पा आवडतात.'

चौथ्या दिवशी राहीबाई दारात. हातातलं गाठोडं तिनं मशीनवर आपटलं. गुलाबी पडदा.

"त्याचा फोन बघितला. सतरा जनींना त्योच फोटू. सतरा! एकीला तर 'ताई' म्हनून." ती पदरानं तोंड पुसत राहिली, जणू तोंडालाच काही लागलं होतं. "ह्याची पायपुसनी शिव."

"किती?"

"हुतील तेवढी. आन् चुकले मी त्या दिवशी."

जयमालाबाईंनी कात्री घेतली. तिरकी पट्टी आधी कापून केराच्या डब्यात टाकली. मग स्टुलावरचे अस्तराचे तुकडे उचलले.

"बसा."

"बसते. पन त्याचं नाव काढायचं न्हाई."

"थू! कोन काढतंय?"