ऑसनगार्थांचं शेत

आमच्या गावच्या सेप्टिमस ऊर्फ सेप ऑसनगार्थने चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं आणि दारोदार एकच टुमणं लावलं. ओढ्यापलीकडचं ऑसनगार्थ शेत त्याच्या पूर्वजांचं, म्हणून त्याला त्यांचं नाव! मी शेजारीण, ऐकून ऐकून माझे कान किटले. अख्ख्या इंग्लंडात हे आडनाव आता दोघांचंच उरलंय, सेपचं आणि त्याच्या नातीचं, रोवेनाचं.

येत्या शनिवारी रोवेनाचं लग्न. नवरामुलगा कॅलम आपणहून म्हणाला, "आडनाव मीच तुमचं घेतो. एवढं जुनं नाव बुडवायचं कशाला?" सेपचे पाय जमिनीवर ठरेनात. मग रोवेना म्हणाली, लग्नाच्या जेवणात मी आपल्या नावाचा इतिहास वाचणार, चर्चच्या जुन्या नोंदवहीतून. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना.

चर्चची झाडलोट माझ्याकडे, म्हणून किल्लीही माझ्याकडे. रविवारी दुपारी तो दारात उभा, तोंड पांढरंफटक.

"मॉड, ती वही दडव."

"का रे बाबा?"

"सोळाव्या वर्षी घंटा वाजवायला गेलो होतो, तेव्हा उघडली होती मी ती. शेताला आमचं नाव नाही गं, आम्हालाच शेताचं आहे. आमचा मूळपुरुष त्या शेतात टाकलेलं पोर होतं. बेवारस पोर जिथे सापडेल तिथलं नाव त्याला द्यायचे तेव्हा. तेवढं वाचलं आणि वही मिटली. कॅलमला कळलं तर तो कशाला घेईल हे नाव? माझ्याबरोबरच मातीत जाईल ते."

"मेल्या, चाळीस वर्षं आम्हाला बनवलंस?" माझा पारा चढलाच. पण तो माझ्या उंबऱ्यावरून हलेना. खरं सांगते, मी दडवलीही असती. पण पाद्रीबाबांनी सकाळीच ती वही रोवेनाला काढून दिली होती.

आम्ही धापा टाकत चर्चात पोचलो. ती बाकावर वही मांडून बसली होती, शेजारी कॅलम. सेपने माझी बाही घट्ट धरली.

"आजोबा, इकडे या," रोवेना म्हणाली. "फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात चार तान्ही पोरं सापडली होती. चौघांना चार शेतांची नावं दिली."

सेप खाली मान घालून उभा राहिला.

"तिघांच्या पुढे आठवड्याच्या आत 'पुरलं' असं लिहिलंय. आपल्याच्या पुढे नाही. पुढे बावीस वर्षांनी त्याच्या लग्नाचीच नोंद आहे."

कॅलम नाक पुसत म्हणाला, "हे नाव मी सोडणार नाही हं, सांगून ठेवतो."

सेपने चष्मा लावला, बोट त्या ओळींवरून नेलं, एकदा, दोनदा. मग मटकन बाकावर बसला आणि माझ्याकडे बघून रडायलाच लागला.

"साठ वर्षं, मॉड! साठ वर्षं मी त्या जगलेल्या लेकराची लाज धरली गं."